लॅबमामा, कीबोर्डबद्दल तुमचे आभार

मामा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या समारोपात प्रमुख पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, जेवणाची सोय करणाऱ्यांचे आभार मानून झाले. तुम्ही तेव्हा वरच्या मजल्यावर एकेक मशीन बंद करत होता. तुमचं नाव कुणीच घेतलं नाही, आणि ते मला अजून सलतंय. म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्या भागातल्या कॉलेजांसाठी आयसीपीसीच्या (कॉलेजच्या मुलांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा) धर्तीवर स्पर्धा घ्यायचं ठरलं, तेव्हा एका मोठ्या कॉलेजनं लॅब देण्याचं कबूल केलं होतं. पोस्टरवर त्यांचं नाव छापून झालं. कराड, इस्लामपूर, गडहिंग्लजच्या संघांनी यायची तयारी केली. आणि अगदी तोंडावर निरोप आला की त्या दिवशी लॅब मोकळी नाही. कारण विचारायला गेलो तर केबिनबाहेर ताटकळत ठेवलं. टी-शर्ट देतो म्हणणाऱ्यांनी तर फोन उचलणंच बंद केलं. दिलेल्या शब्दाची यांना काहीच किंमत नसते का, हा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या प्राचार्यांनी एका भेटीत परवानगी दिली. पण नुसत्या सहीनं लॅब चालत नाही, ती तुम्ही चालवलीत. यूपीएस, केबल, प्रिंटर, सगळं तुम्हीच बघितलंत, त्याची यादी करत बसत नाही. मला सांगायचंय ते कीबोर्डचं.

आदल्या संध्याकाळी सराव फेरी आटोपली, मुलं जेवायला गेली. राहिलेले पासवर्डचे कागद घ्यायला मी लॅबमध्ये आले, तर तुम्ही एका मशीनसमोर बसला होता. नोटपॅड उघडलेलं, आणि एका बोटानं एकेक की दाबून अक्षर उमटतंय का ते बघत होता. एक झालं की पुढचं मशीन. मी म्हटलं, "मामा, सकाळपासून उभे आहात, राहू द्या आता." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोरं कागदावर तासभर डोकं फोडणार आणि इथं सेमीकोलन अडकणार. बरं नाही दिसत ते."

ज्यांनी ही स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. संघात तिघं, कॉम्प्युटर एकच, वेळ पाच तास. एकजण टाइप करतो, बाकीचे दोघे कागदावर झगडतात. प्रश्न सुटला की संघाच्या टेबलावर फुगा बांधतात. दोन संघांचे सारख्याच संख्येनं प्रश्न सुटले तर क्रमांक मिनिटांवर ठरतो, आणि सुटलेल्या प्रश्नावर आधी पाठवलेल्या प्रत्येक चुकीच्या उत्तराची 20 मिनिटं वाढतात. तिथं प्रोग्रॅममध्ये सतत लागणाऱ्या कर्ली ब्रॅकेटची, म्हणजे महिरपी कंसाची, की दाबली जात नसेल, तर त्या तिघांनी दाद कुणाकडे मागायची?

तुम्हाला असे दोन कीबोर्ड सापडले. एकाला स्टोअरमधून बदली मिळाली. दुसऱ्यासाठी काहीच नव्हतं, तर तुम्ही स्वतःच्या टेबलावरचा काढून लावलात आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या नोंदी वहीत हातानं लिहिल्यात.

त्या मशीनवर तालुक्याच्या कॉलेजातल्या तीन मुली बसल्या होत्या. पहिले तीन तास त्यांच्या टेबलावर एकही फुगा नव्हता. चौथ्या तासात पहिला प्रश्न सुटला, निळा फुगा बांधला गेला, आणि तिघी अशा ओरडल्या की शेजारचे संघ वळून बघायला लागले. कीबोर्ड कुणाचा, हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही दारात उभे राहून टाळ्या वाजवत होता, ते मात्र मी पाहिलं.

आमच्या स्पर्धेचा निकाल लावणारं डॉमजज हे सॉफ्टवेअर नेदरलँड्समधल्या मंडळींनी बनवून जगाला फुकट देऊन टाकलंय. ते आम्हाला ओळखत नाहीत. तुम्हीही त्या मुलींना ओळखत नव्हता. ज्यांची कधी गाठ पडायची नाही त्यांच्यासाठी काम चोख करणारी माणसं आहेत, म्हणून असे कार्यक्रम पार पडतात. पोस्टरवर नाव कुणाचं आहे, याला माझ्या लेखी आता फार अर्थ उरलेला नाही.

प्राचार्यांना वेगळं पत्र दिलंय, त्यात हे सगळं तुमच्या नावानिशी लिहिलंय. समितीनं तुमच्यासाठी नवा कीबोर्ड घेतलाय, सोमवारी घेऊन येतोय. कृपा करून नको म्हणू नका. आणि पुढच्या वर्षी तारीख ठरवण्याआधी पहिला फोन तुम्हाला.

तुमची,
संयोजन समितीतली एक विद्यार्थिनी