क्लच नंतर, आधी धूर बघ

प्रिय ओंकार,

तुझा मेसेज आणि गाडीच्या आवाजाचा व्हिडिओ, दोन्ही नीट कान लावून ऐकलं. गॅरेजवाल्याने पूर्ण क्लच सेट आणि सायलेन्सर दोन्ही बदलायला सांगितलंय, आणि सव्वा लाखाच्या गाडीत घेतल्या घेतल्या एवढे पैसे घालायचे म्हणून तुझा जीव खालीवर होतोय ते कळतंय मला. पण तू क्लचबद्दल एवढं सगळं बोललास आणि मध्येच सहज बोलून गेलास की हल्ली ऑफिसमधून घरी येईपर्यंत डोकं जड होतं, काचा लावून एसी चालू असला की जास्तच. मला त्या एका वाक्याने झोप लागली नाही. म्हणून आधी धुराचं सांगते, क्लच थांबेल.

पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला आधी डोकेदुखी, मग मळमळ, मग झोप आल्यासारखं होतं आणि वाटतं की आपण नुसतेच दमलोय. चांगल्या गाडीत हा वायू पाइपातून मागे जातो, वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचं बरंचसं काम तमाम करतो. पण लीकेज कन्व्हर्टरच्या अलीकडे, इंजिनजवळ असेल तर तो कच्चाच बाहेर येतो, आणि एसीच्या ब्लोअरची बाहेरची हवा घ्यायची जागा असते समोरच्या काचेच्या बुडाशी, म्हणजे बॉनेटच्या लगेच मागे. आता कळलं ना मी का घाबरले? तर आजपासून काचा थोड्या खाली ठेवून चालव, ब्लोअरचं बटण आतल्या हवेवर ठेव, आणि पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत फोनवर बोलत बसायचं अजिबात नाही. डोकं दुखायला लागलं तर गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर आणि बाहेर मोकळ्या हवेत उभा रहा.

व्हिडिओत सकाळी गाडी चालू केल्यावर जो टक-टक-टक आवाज येतोय आणि थोड्या वेळाने कमी होतोय, त्याच्याकडे लक्ष दे. सायलेन्सर कुजला असेल तर आवाज मागून येतो, भदभद, आणि गाडी गरम झाली म्हणून तो जात नाही. हा पुढून येतोय आणि गरम झाल्यावर दबतोय, कारण लोखंड तापलं की प्रसरण पावतं आणि फट बुजते. मला तरी हे मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या लोखंडी भागाचं, पॅकिंग गेल्यासारखं वाटतंय, किंवा मॅनिफोल्डलाच बारीक चीर असेल. म्हणजे नवा सायलेन्सर टाकून पैसे जातील, आवाज थोडा बदलेल आणि विष तसंच गाडीत येत राहील.

हे स्वतः बघता येतं. गाडी रात्रभर बंद असू दे, सकाळी बेसमेंटमधून ढकलत का होईना उघड्यावर काढ, बॉनेट उघड आणि मॅनिफोल्ड जिथे इंजिनला बसतो तिथे टॉर्च मारून काजळीचे काळे ओघळ दिसतात का बघ. मग मित्राला स्टार्ट मारायला सांग आणि त्याच जागेजवळ हाताची मागची बाजू धर, टेकवू नकोस, फुंकर मारल्यासारखे झटके लागले तर तेच लीकेज. त्यानंतर जाड ओलं फडकं घेऊन मागच्या पाइपाचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धर. सगळं घट्ट असेल तर हाताला चांगला दाब लागतो आणि इंजिन गुदमरतं, आणि कुठे फट असेल तर तिथून फुस्स आवाज येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरायचं नाही, शपथ आहे तुला.

पाइपातून पाणी ठिबकतं म्हणालास ते काही नाही, पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच आणि थंड पाइपात ते साचतं. सकाळची पांढरी वाफ पण काही मिनिटांत जाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलंय, निळसर असेल तर गाडी ऑइल खातेय, काळा असेल तर पेट्रोल जास्त पडतंय, सुरुवात एअर फिल्टरपासून कर.

आणि कन्व्हर्टर जागेवर आहे का तेही बघून घे रे. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून काही लोक तो काढून विकतात आणि साधा पाइप वेल्ड करून देतात. तुझी गाडी २०१२ ची, पुणे पासिंग, आणि पुण्यात बीएस-४ हा गाडीच्या धुराचा नियम एप्रिल २०१० पासूनच लागू होता, म्हणजे पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएमच्या आत यायला हवं. पाइपात नळी न घालताच सर्टिफिकेट देणाऱ्याकडे जाऊ नकोस, आपल्याला कागद नकोय, आकडा हवाय.

आता क्लच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून मी क्लचची सगळी नाटकं पाहिलीत त्यामुळे हे डोळे झाकून सांगते. तू म्हणतोस क्लच खूप वर पकडतो, चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन होतं. लेका, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं म्हणजे क्लच स्लिप होतोय, म्हणजे पूर्ण पकडत नाहीये. दुसरं सहसा क्लच पूर्ण सुटत नाही तेव्हा होतं. दोन्ही एकदम होणं कठीण, म्हणून आधी रिव्हर्सचं निकालात काढ. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरच्या चाकांचा वेग जुळवून देणारा भाग, नसतो, क्लच दाबल्यावर आतला शाफ्ट थांबायला वेळ लागतो. पूर्ण दाब, मनात तीन म्हण, मग टाक. गुपचूप पडला तर तिथे काही बिघडलेलं नाही.

आता राहिलं स्लिप. तुझ्या गाडीचा क्लच केबलवर आहे. इंजिन बंद ठेवून पेडल बोटाने दाब, सुरुवातीचं साधारण दीड-दोन सेंटिमीटर ते सैल हललं पाहिजे, त्याला फ्री प्ले म्हणतात. क्लचची प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद घर्षणाने गिअरबॉक्सला देणारी चकती, झिजत जाते तसा हा फ्री प्ले कमी होत जातो, आणि संपला की पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. कधी कधी आधीच्या मालकाने केबल जास्त ओढून घेतलेली असते, तेव्हाही हेच होतं, प्लेट बरी असूनसुद्धा. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट असतो तो सैल करून फ्री प्ले आणायचा, पाच मिनिटांचं काम, यासाठी कोणी हजार रुपये मागितले तर उठून ये. तिथेच केबलचे धागे तुटलेत का तेही दिसतं.

मग चांदणी चौकाच्या चढाला, रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालव आणि एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाब. आवाज आणि वेग दोन्ही एकत्र वाढले तर प्लेटमध्ये अजून जीव आहे. आवाज एकटाच वर गेला आणि उग्र जळका वास आला तर प्लेट संपली, मग मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम घाल, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तेवढीच पडते. उतरवल्यावर तू तिथे हजर रहा. जुनी प्लेट हातात घे, रिबिट लायनिंगच्या बरोबरीला आलेत का बघ, आणि प्लेट तेलकट असेल तर ऑइल सील बदलल्याशिवाय नवी बसवू देऊ नकोस, नाहीतर ती पण भिजेल. प्लेट ज्याच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, जळाल्याचे निळे डागही बघ.

पैसे आत्ता एकाच कामाचे असतील तर पॅकिंग आधी. स्लिप होणारा क्लच तुला फार तर रस्त्यात थांबवेल.

शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणालास, ते नको. खंबाटकीत पाऊस लागला की काचा उघड्या ठेवता येणार नाहीत आणि एवढ्या लांब एकटा बंद गाडीत मला चालणार नाही. एसटीने ये. पॅकिंग बसल्यावर पीयूसी काढ आणि त्या कागदाचा फोटो टाक, सीओचा आकडा दिसेल असा.

आई