बाळंतिणीची जखम नीट तपासा

महोदय,

नॉर्मल डिलिव्हरीनंतर ‘खालून टाके पडले’ एवढेच बाळंतिणीला सांगितले जाते. जखम किती खोल होती, हे बहुतेकींना कधीच कळत नाही. प्रसूतिकक्षात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे या मोघमपणाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

बाळ बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागात होणाऱ्या या जखमांच्या चार श्रेणी आहेत. पहिलीत केवळ त्वचा फाटते, दुसरीत त्याखालचे स्नायू. तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटतो आणि चौथीत फाट गुदद्वाराच्या आतल्या अस्तरापर्यंत जाते. पहिल्या दोन बहुधा विनातक्रार भरून येतात. तिसरी मात्र नजरेतून सुटली आणि वरवर टाके पडले, तर पुढे वायू किंवा शौच रोखता येईनासे होऊ शकते, आणि लाजेपोटी ती बाई हे घरातही बोलत नाही.

1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात 35 टक्के पहिलटकरणींच्या गुदद्वाराच्या स्नायूत सोनोग्राफीवर दोष दिसला, तेव्हा अशा जखमा डोळ्यांना दिसतच नाहीत असा समज झाला. 2006 च्या अभ्यासाने तो खोडून काढला. 241 पहिलटकरणींची अनुभवी तज्ज्ञाने प्रसूतीनंतर लगेच फेरतपासणी केली, तेव्हा अशा जखमांचे प्रमाण 11 टक्क्यांवरून सुमारे 25 टक्क्यांवर गेले. सोनोग्राफीत नव्याने सापडल्या त्या अगदी मोजक्या. नीट पाहिले असते, तर बाकीच्या पहिल्याच तपासणीत सापडल्या असत्या.

वार (प्लासेंटा) पडल्यावर, टाके घालण्याआधी, बाळंतिणीला सांगून व तिची संमती घेऊन, चांगल्या उजेडात तर्जनी गुदद्वारात आणि अंगठा बाहेर ठेवून तो स्नायू चाचपायचा असतो. फाटलेल्या स्नायूची टोके आखडून मागे सरकतात, त्यामुळे जिथे भरीव कडे लागायला हवे तिथे बोटाला मऊ खळगा लागतो. टाके घातल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. एवढ्याला फार वेळ लागत नाही, तरी घाईच्या पाळीत पहिली काट यालाच बसते.

बाळाचे डोके बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागाला कोमट ओल्या कापडाचा शेक दिल्यास गंभीर जखमा कमी होतात, हेही सिद्ध झाले आहे. बाळाला वाट मोठी करण्यासाठी योनीच्या तोंडाशी सरसकट छेद घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत सांगितले आहे.

जखमेची श्रेणी डिस्चार्ज कार्डावर लिहिली जावी. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत ‘वायू आणि शौच रोखता येते का?’ हे डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने स्वतःहून, आणि एकांतात विचारावे. नातेवाईक शेजारी बसलेले असताना ती हा विषय काढत नाही.

— एक निवृत्त परिचारिका