इंटर्नशिपचे तास पावसाळ्याला बांधा

प्रति,
माननीय उच्च शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
(प्रत : आयुक्त, इंदूर महानगरपालिका)

विषय : नाले, नद्या आणि तलावांच्या पुनरुज्जीवनात विद्यार्थ्यांना वर्षभराचे काम, त्याचे श्रेयांक आणि मानधन मिळण्याबाबत.

महोदय,

हिंदी प्रत आपल्या कार्यालयात रीतसर दाखल होईलच. ही मराठी प्रत इंदूरच्या त्या घरांसाठी आहे, जिथली मुले या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहेत आणि इंटर्नशिपचा कागद कुठून मिळेल या विवंचनेत आहेत.

सिरपूर तलाव (१६१ हेक्टर) आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर (सुमारे ८२३ हेक्टर) २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, गेले. जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरसोबत इंदूरला 'वेटलँड सिटी'ची मान्यता मिळाली, देशात पहिल्यांदाच. सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी मिळणारे 'वॉटर प्लस' तर २०२१ पासून आहे. बिरुदे भरपूर झाली. शहरातून वाहणारी कान्ह नदी मात्र सांवेरवरून पुढे जाऊन उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते तेव्हा तिच्या पाण्यात काय असते, हे आपण जाणता, आणि २०२८ चा सिंहस्थ तिथेच भरायचा आहे.

एवढ्या कामात कॉलेजची मुले दिसतात ती ५ जूनला, पर्यावरण दिनी, हातात रोप घेऊन, फोटोत. रोप लावले जाते ते बहुधा पाऊस यायच्या आधी, तापलेल्या काळ्या मातीत. पुढच्या दहा दिवसांत त्याचे काय होते ते पाहायला कुणी परत जात नाही.

तासांची कमतरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप आहे, ३० तासांना एक श्रेयांक. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे २४० तास वेगळे, सात दिवसांचे शिबिर वेगळे. आपल्या राज्याने नवे शैक्षणिक धोरण २०२१ मध्येच लागू केले, त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक सहभाग आहेतच. अडचण एवढीच की हे तास सलग दोन-तीन आठवड्यांत, सुट्टीत, एकदम उरकले जातात. नाल्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मेमध्ये संपते. पंधरा दिवसांत त्याचे एकही काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत होत नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी ही : १२० तास नाल्याच्या पूर्ण वर्षावर, म्हणजे जलवर्षावर, पसरू द्या, सुरुवात पावसाआधीच्या मोजमापाने. एप्रिल-मेमध्ये ३०, जून-जुलैमध्ये ३०, ऑक्टोबरमध्ये २०, हिवाळ्यात ४०. नाला तोच, गट तोच, वही तीच.

यातला पहिला टप्पा सगळ्यात मोलाचा. माळव्यातले बहुतेक लहान नाले मुळात होळीनंतर आटणारे. मे महिन्यात त्यात जे वाहते ते एक तर सांडपाणी, नाही तर फुटलेली पाइपलाइन, नाही तर शुद्धीकरण केंद्रातून सोडलेले पाणी. कोणते, हे ओळखायला महाग यंत्र लागत नाही. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्यात ९० अंशांची, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कापायची, तिची कड प्रवाहाच्या खालच्या अंगाला तासून पातळ करायची, पत्रा नाल्यात आडवा, पाणसळीने सरळ बसवायचा आणि बाजूच्या फटी बारदान व काळ्या मातीने बुजवायच्या. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते खाचेवर मोजायचे नाही, तिथे पाणी खाली वाकलेले असते. उंचीच्या किमान चौपट अंतर मागे पट्टी रोवून तिथे मोजायचे. ती उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात करायचा आणि १.३८ ने गुणायचे, की सेकंदाला घनमीटर मिळतात. दहा सेंटिमीटर उंचीला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, वीस सेंटिमीटरला जवळजवळ २५ लिटर. दहाच्या जागी अकरा वाचले गेले तर आकडा सव्वापटीच्या वर जातो, म्हणून एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने न बघता पुन्हा वाचायचे.

बिघडते ते असे. खाचेत पिशवी अडकते आणि पाणी उगाच वर चढते. पत्र्यामागे गाळ साचून पट्टीच्या जागचे डबके उथळ होते. खालचे पाणी खाचेपर्यंत तुंबले तर सूत्र लागूच पडत नाही, पत्र्यावरून पडणाऱ्या धारेखाली मोकळी हवा दिसलीच पाहिजे. आणि पत्र्याखालून पाणी झिरपत असेल तर सगळी मेहनत फुकट. पाच मिनिटे खाली बसून बघितले की झिरप दिसते, पण बसायचे कोणी?

आता ही खाच २४ तास, दर तासाला वाचायची. रात्रीची वाचने काठावरून, विजेरीने, शिक्षक आणि महापालिकेचा माणूस सोबत असतानाच. सकाळी सात ते नऊच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी पाणी चढले, मध्यरात्रीनंतर जवळजवळ थांबले, तर ते घरांचे सांडपाणी. रात्री तीनलाही तेवढेच वाहत असेल तर पाइपलाइन फुटली असल्याचा संशय घ्यायचा आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची साधी चाचणी करून बघायची. सगळ्या वाचनांच्या प्रवाहाची सरासरी सेकंदाला ४.४ लिटर भरली तर दिवसाला पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी झाले. माणशी १३५ लिटरच्या पुरवठ्यातले ८० टक्के सांडपाणी धरले तर हे साधारण साडेतीन हजार माणसांचे झाले. म्हणजे खाचेच्या वरच्या अंगाला कुठली तरी अख्खी कॉलनी अजून ड्रेनेजला जोडलेली नाही, किंवा टॅपिंग, म्हणजे नाल्यात येणारे सांडपाणी ड्रेनेजकडे वळवणारी जोडणी, तुंबले आहे. आयुक्त महोदय, हे उत्तर आपल्या अभियंत्यांना हवे असते, आणि ते दुसऱ्या वर्षाची मुले देऊ शकतात.

पाण्याचा नमुना घेण्याबाबत थोडेच सांगतो, कारण रसायनशास्त्राच्या विभागांना ते येते. विरघळलेला ऑक्सिजन नाल्यावरच रसायने घालून 'फिक्स' करावा लागतो, आणि बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा. शेवाळ असलेल्या तलावात दुपारी दोनला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे मासे मरतात, म्हणून वेळ लिहिल्याशिवाय नोंद घेऊ नये. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याच्या मापाचा) नमुना बर्फात, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत. अंघोळीच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम बीओडी आणि किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन. प्राणिशास्त्राच्या मुलांनी जाळीने तळ खरवडून किडे मोजावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकषांची पद्धत आहेच. एका दिवसाचे रसायन फसवू शकते, पण चतुराच्या अळ्या नाहीत आणि नुसते लाल रक्तकृमी आहेत, तर तो नाला गेले कित्येक आठवडे गुदमरतोय हे नक्की.

जूनचा टप्पा लागवडीचा. इथे खरी चूक वेळेची होते. जांभळाचे बी साठवून टिकत नाही, फळ खाल्ल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पेरावे लागते. ते मिळते जूनमध्ये, नेमके मुले घरी असताना. अर्जुन आणि करंज उन्हाळ्यातच गोळा करून ठेवता येतात. काठासाठी मात्र रोपांपेक्षा फाटे, म्हणजे फांद्यांचे तुकडे, बरे : वाळुंज आणि निर्गुडी. अंगठ्याएवढ्या जाडीचा, ६० ते ९० सेंटिमीटर लांब फाटा, खालचे टोक तिरपे, वरचे सपाट. म्हणजे उलटा रोवला जात नाही, जो नवशिक्यांच्या हातून हमखास रोवला जातो. एक दिवस पाण्यात भिजवायचा आणि दोन-तृतीयांश जमिनीत जाईल असा ठोकायचा. आधी पहारीने भोक पाडायचे, नाहीतर साल सोलून निघते. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावरच.

काठ उभा असेल तर यातले काहीही टिकणार नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते, आणि पूर झरकन ओसरला की ओल्या काठाला पाण्याचा आधार राहत नाही, तो घसरून बसतो. एका मीटर उंचीला दोन ते तीन मीटर पसारा हवा. काथ्याची जाळी अंथरून खुंट्या मारल्या तर दोन-तीन वर्षे धरून ठेवते, तोवर मुळांनी काम हाती घ्यायचे. जेसीबीने नाला सरळ, खोल आणि एकसारखा खणणे म्हणजे पाण्याचा वेग वाढवून खालचा काठ पाडण्याची सोय आहे. त्याला कागदोपत्री सौंदर्यीकरण म्हणतात.

पावसाळ्यात मुलांनी पाण्यात उतरायचे नाही. पूर ओसरल्यावर पुलांच्या खांबांवर, कुंपणांवर, झाडांच्या बुंध्यांवर राहिलेली कचऱ्याची रेघ ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजायची. हे काम स्थापत्य, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या सर्व्हेअर ट्रेडच्या मुलांचे. सिरपूरसारख्या रामसर तलावांकाठी तर या रेघेला कायद्याचे वजन आहे : २०१७ च्या पाणथळ नियमांप्रमाणे दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, बोटींचे धक्के सोडले तर, पक्के बांधकाम चालत नाही. ती रेघ जमिनीवर नेमकी कुठे येते, हे दाखवणाऱ्या नोंदी दरवर्षी झाल्या तर कोर्टकचेऱ्या कमी होतील. नदीपात्र या नियमांच्या बाहेर आहे, हेही मुलांना ठाऊक असावे.

ऑक्टोबरनंतर तलाव. जलपर्णी अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होते, बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. काढून काठावरच टाकली की तिचा रस पुन्हा पाण्यात. दूर नेऊन खत करावे. सांडपाणी येतच असेल तर काढणे म्हणजे तिला जागा मोकळी करून देणे, एवढेच. आणि ती भर पावसाळ्यात ओढू नये, तेव्हा कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालून बसलेले असतात. रामबाण (पाणकणीस) हे काठचे उंच गवत मात्र सगळे उपटू नये, ते येणारे पाणी गाळते. दरवर्षी एक-तृतीयांश हिस्सा, पाण्याच्या पातळीखाली कापायचा. कापलेल्या देठातून हवा मिळाली नाही की खालचा कंद कुजतो. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. यशवंत सागरचे सारस मोजण्यासाठी शेतकरी आणि मच्छीमारांना सोबत घ्यावे, ते कुठे घरटे करतात हे त्यांना पक्षीतज्ज्ञांच्या आधी कळते.

आता गुणांविषयी, कारण सगळे तिथेच घसरते. रोपे किती जगली यावर गुण दिले तर प्रत्येक वहीत ९० टक्के जगतील. गुण नोंदवहीला द्या : पेनने लिहिलेली, खोडरबर नाही, चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती. मेलेली रोपे कशाने मेली, गुरांनी, भेगांनी की पुराने, हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. सगळी मोजमापे महापालिकेच्या संकेतस्थळावर जशीच्या तशी ठेवावीत, चांगली दिसणारी निवडून नव्हे.

सुरक्षेच्या अटी आदेशातच हव्यात. मॅनहोलमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने उतरणार नाही. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर नाही, एकट्याने नाही. गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, धनुर्वात, टायफॉइड आणि हिपॅटायटिस 'ए'च्या लसी, अपघात विमा. जागेवर साबण आणि वाहते पाणी. दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक, आणि त्याचे हे तास कार्यभारात धरले जावेत. आज ते धरले जात नाहीत, म्हणून चांगले शिक्षक टाळतात. मुलींसाठी जवळ स्वच्छतागृह नसेल तर ती जागाच निवडू नये. प्रवास आणि जेवणाचा खर्च शासनाने द्यावा, आणि मानधन राज्याच्या अकुशल किमान वेतनापेक्षा कमी नसावे. ज्यांना सुट्टीत दुकानावर बसून घर चालवावे लागते ती मुले फुकटच्या इंटर्नशिपला येत नाहीत, मग कामही ठरावीक घरांतल्या मुलांच्याच वाट्याला जाते.

सुरुवात कान्ह आणि सरस्वती या शहरातल्या नद्यांना मिळणाऱ्या नाल्यांपैकी सहांवर आणि सिरपूरवर व्हावी, एका नाल्याला एक कॉलेज, किमान तीन वर्षांसाठी. दरवर्षी नाला बदलला तर तुलनाच होत नाही.

आपल्या विभागाचा आदेश फेब्रुवारीअखेर निघाला तर मार्चमध्ये लोखंडी पत्रे कापून होतील, एप्रिलमध्ये खाचा बसतील आणि मेची २४ तासांची वाचने पावसाआधी हातात येतील. मे उलटला तर पहिले मोजमाप थेट पुढच्या उन्हाळ्यात, आणि सिंहस्थाआधीचे एक जलवर्ष वजा.

कळावे.

आपले,
इंदुरात स्थापत्य, वनस्पतिशास्त्र आणि जलरसायन शिकवणारे व नाल्यांवर मोजमापाचे काम करणारे काही नागरिक