ज्वारीचा एक हंगाम शाळेला द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मी सोलापूर शहरातल्या एका शाळेत शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या घरातली. पणजोबा गिरणीत लागले तेव्हाच या घरांचं गाव सुटलं. सुट्टीत जायला त्यांना मामाचं शेत नाही. शहर संपलं की काळी रानं सुरू होतात. ती या मुलांनी पाहिलीत, पण एसटीच्या खिडकीतून.

एकदा पाचवीच्या वर्गाला मी शेंगदाण्याचं झाड काढायला सांगितलं. जवळजवळ प्रत्येक वहीत फांद्यांना चवळीसारख्या लोंबणाऱ्या शेंगा होत्या. ज्यांच्या डब्यात रोज शेंगाचटणी असते, त्या मुलांच्या वह्या या! मी फळ्यावर काढून दाखवलं : फूल वर येतं, मग त्याच्या आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि शेंग जमिनीत धरते. एका मुलीने विचारलं, "बाई, मग शेंग पोसली हे वरून कसं कळतं?" पुस्तकात याचं उत्तर नाही. भुईमूग काढणाऱ्या कुठल्याही बाईने एक वेल उपटून, शेंग फोडून तिला ते क्षणात दाखवलं असतं. ती बाई आणि ही मुलगी यांची गाठ घालून देण्याची सोय आपल्या शाळांमध्ये नाही, म्हणून हे पत्र.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा माणसांकडे जाऊन काम पाहावं, करावं, असं त्यात म्हटलंय. माझी मागणी एवढीच : सोलापूरसारख्या शहरातल्या शाळांसाठी यातले काही दिवस एकाच शेतावर, एकाच पिकासोबत आणि हंगामभर विभागून द्यावेत. आमच्याकडे ते पीक अर्थातच ज्वारी.

सध्या काय होतं, तेही सांगते. जानेवारीत हुरड्याची सहल निघते. मुलं हुरडा खातात, झोक्यावर बसतात, बैलगाडीत फोटो काढतात आणि संध्याकाळी घरी येतात. आनंदच आहे तो. पण पीक चार-साडेचार महिन्यांचं आणि त्यातला एकच दिवस मुलांच्या वाट्याला येतो, तोही खाण्याचा.

रब्बी ज्वारी शाळेच्या वर्षात नेमकी बसते. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, हुरडा डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेरणीला गेलेल्या मुलांना पेरणीची तिफण आणि तिच्यात बी सोडायचं चाडं दिसेल, शेजारच्या रानात ट्रॅक्टरची पेरणीही दिसेल. महिन्याभराने गेली तर कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं हे अवजार फिरवणं, दिसेल. इथे मला थोडं थांबू द्या, कारण सोलापूरच्या शेतीचं सगळं शहाणपण या एका कामात आहे. पेरणीनंतर या पिकाला पाऊस जवळपास मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीने जी ओल धरून ठेवलेली असते, तिच्यावर ते उभं राहतं. थंडीत जमीन भेगाळू लागते आणि भेगांतून ओल उडून जाते. कोळपं फिरलं की वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि ओल खाली टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात. बाष्पीभवन आणि केशाकर्षण आम्ही वर्गात काचेच्या नळीने शिकवतो. तेच ढेकळं फोडून पाहिलं तर मूल ते जन्मात विसरणार नाही.

काढणीच्या वेळी मुलांना कळेल की शेतकरी धान्याइतकाच कडबाही मोजतो, कारण गोठ्यातली जनावरं त्याच्यावर जगतात. हेही कळेल की गावोगाव पेरली जाणारी मालदांडी ३५-१ ही जात १९३० च्या दशकात आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर शहराला लागूनच, केगावला आहे. तिथे घेऊन जा म्हटलं की शाळेपुढे प्रश्न उभा राहतो तो बसभाड्याचा.

आठवीच्या मुलांना एक सकाळ बाजार समितीतही न्यावं. कांद्याचा लिलाव बघू दे. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला. नफा-तोट्याच्या धड्यात हे गणित का असू नये? माझी मुलं उद्या भाजी घेणारी, आडतीवर काम करणारी, कदाचित धोरण ठरवणारी माणसं होणार आहेत. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, कशी वाचायची हे त्यांना आलं पाहिजे.

"शेती शिकून काय करायचंय, आम्हाला पोराला शिकवून मोठं करायचंय," असं काही पालक म्हणतील. त्यांचं मी ऐकून घेते. कष्टातून वर येणाऱ्या घराचं ते बोलणं आहे. पण मुलाला शेतकरी करा असं मी म्हणतच नाही.

आता शालेय पोषण आहाराबद्दल. ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्या आमच्या मुलांना शाळेत मुख्यतः तांदूळच मिळतो. रोज गरम भाकऱ्या थापणं शाळेच्या स्वयंपाकिणीला अशक्य आहे, हे मान्य. पण सोलापूरची कडक भाकरी अनेक दिवस टिकते आणि इथले बचत गट ती करून विकतात. आठवड्यातून एक दिवस त्यांच्याकडून कडक भाकरी घ्या आणि आमटीत चुरून मुलांना द्या. जिथे मुलं कोळपणी पाहून आली, त्याच रानातली ज्वारी त्यांच्या ताटात येऊ शकेल.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात वेळाअमावस्येला वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून शेतात जेवायला बसवतात. अशा माणसांना शाळेची मुलं जड होणार नाहीत. तरीही शेतकऱ्याचा दिवस फुकट घेऊ नये. त्याला आणि त्याच्या घरच्या बाईला, कारण खुरपणीपासून काढणीपर्यंत अर्ध्याहून अधिक काम तीच करते, शिक्षक म्हणून मानधन मिळावं. बसभाड्याची तरतूद शाळेच्या अनुदानात असावी. आणि कृपा करून यावर प्रश्नपत्रिका काढू नये.

हस्त नक्षत्र लागलं की पेरण्या जोर धरतात. परिपत्रक ऑगस्टअखेर निघालं, तर याच हंगामात सुरुवात करता येईल. एका शाळेने आधी करून दाखवावं असं आपलं म्हणणं असेल, तर माझा सहावीचा वर्ग तयार आहे.

आपली नम्र,
सोलापुरातील एक शिक्षिका