तीनशेंचा दुसरा भाग आणि आमची बोअर

वरुड, १४ मे

प्रिय गजा,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच, बाकी ठीक.

गेल्या आठवड्यात एका रात्री तुझी लय आठवण आली. उकाड्यानं जीव चालला होता, भाऊजी आले होते, अन् पुतण्यानं मोबाइल टीव्हीला जोडून लावलं काय, तर होस्टेलवर ज्याच्यापायी आपण चार दिवस बोललो नव्हतो त्या ‘३००’ सिनेमाचा दुसरा भाग. ‘राइज ऑफ अ‍ॅन एम्पायर’, २०१४चा. पहिला झॅक स्नायडरचा होता, हा नोम मरो नावाच्या माणसाचा. मी इतकी वर्षं पाहिला नव्हता. खरं सांगू? तुझ्या धाकानं.

भाऊजींचं मत पंधरा मिनिटांत तयार. “पहिल्यात तीनशे होते, हिशेब ध्यानात राहे. याच्यात कोण कोनाकडून तेच समजत नाही.” तलवार सावकाश वर जाऊन खाली येईस्तोवर ते आत जाऊन माठातलं पाणी पिऊन आले. रक्त उडालं की पुतण्या खूश. मला मात्र ते रक्त कमी अन् काकवी जास्त वाटलं. शेजारच्या बाबांना एकच गोष्ट खटकली. तो ग्रीकांचा सेनापती थेमिस्टोक्लीस घोड्यावर बसून पेटत्या जहाजांवरून दौडत जातो ना, तिथं ते म्हणाले, “माया बैल टेम्पोत चढाले अर्धा तास घेते, अन् हे घोडं पाह्य!” सगळ्यात शहाणं मत आईचं. उघडेबंब गडी पाहून म्हणाली, “यायले निदान उकडत तरी नसन.”

तू असतास तर टीव्ही फोडला असतास. सुरुवातीलाच मॅरेथॉनच्या लढाईत थेमिस्टोक्लीस बाण मारतो आणि इराणच्या दारयुश राजाला घायाळ करतो, राजा त्यातच मरतो. लेका, दारयुश त्या लढाईत होताच कुठं? लढाई इ.स.पू. ४९०ची, तो मेला ४८६मध्ये. हे मला कोणी शिकवलं? तूच, रात्री दोन वाजता, माझी चादर ओढून. इराण सरकारनं पहिल्या भागाचा निषेध केल्याचं कात्रण तू भिंतीला डकवलं होतंस आणि मी म्हणायचो, सिनेमा आहे, इतिहासाचा पेपर नाही. अजूनही तेच म्हणतो. पण आता तेवढ्या जोरात नाही.

कारण ती बाई. आर्टेमिसिया, इराणी आरमाराची सेनापती. एव्हा ग्रीननं केली आहे. एरवी कुत्र्यामांजरासारखे भांडणारे आम्ही सगळे तिथं एकमतावर आलो: सिनेमात जीव आहे तो तिच्यात. मधे एक प्रसंग घरात बसून पाहण्यासारखा नाही. रिमोट माझ्याच बुडाखाली सापडेपर्यंत आई तोंडावर पदर घेऊन बसली. बरं, पोट्टी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली ती शेवटी, थेमिस्टोक्लीस त्या बाईच्या पोटात तलवार खुपसतो तेव्हा. उभ्या उभ्याच म्हणाली, “बाबा, हिले मारलं काऊन?”

मी म्हटलं, लढाईत माणसं मरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर. खरी आर्टेमिसिया हॅलिकार्नाससची राणी होती, स्वतःची पाच जहाजं घेऊन आली होती, आणि सालामिसच्या त्या समुद्री लढाईत मेलीच नाही. उलट वाट काढायला तिनं आपल्याच बाजूचं एक जहाज धडकून बुडवलं. डोंगरावरून पाहणाऱ्या इराणच्या राजाला, झर्क्सिसला वाटलं शत्रूचंच बुडवलं, आणि तो म्हणाला, माझे पुरुष बाया झाले अन् बाया पुरुष. यावर मी हसलो. तर पोट्टी म्हणे, हसू नका, पुढचं ऐका. लढाईच्या आधी राजानं सगळ्यांचं मत विचारलं होतं. समुद्रात लढू नका, असं एकटी तीच बोलली. राजा रागावला नाही. खूश झाला, तिची तारीफ केली, आणि बाकीच्यांचं ऐकलं. मग त्या अरुंद खाडीत जहाजं एकमेकांवर आदळली.

एवढं वाचून ती गप्प. मीही गप्प.

गजा, मार्चमध्ये आम्ही बोअर मारली. पोट्टी म्हणाली होती, बोअर नको, जुन्या विहिरीचा गाळ काढा, झिरे मोकळे होतील. इकडं तर सगळ्यांच्याच बोअर कोरड्या चालल्या. मी काय केलं? चौकात चार लोकांना सांगितलं, आमची पोट्टी किती हुशार. आणि भाऊजींच्या पाणाड्याला बोलावलं. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, धुऱ्याजवळ तो उभा झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. ४२० फूट गेलो. बोअरच्या गाडीतून नुसता पांढरा फुफाटा निघत होता, आमच्या केसांवर, भुवयांवर, लिंबाच्या पानांवर. ती बांधावर उभी होती. ओढणी नाकाला लावलेली. एक शब्द बोलली नाही. आजपर्यंत नाही. अंबिया बहाराची संत्री आता बोराएवढी होऊन गळतात, सकाळी झाडाखाली पाय ठेवताना चुरचुर आवाज येतो, तेव्हाही नाही. रागावली असती तर बरं होतं रे. तुझ्यासारखी चादर तरी ओढली असती.

तुला वाटेल, मी उगाच कुठला इतिहास कुठं जोडतो. वाटू दे.

तुझं कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? पोराच्या दाताला तार बसवणार होतास, बसवली? पुण्यात पाणी येतं ना वेळेवर? भेटलो की सविस्तर विचारतो.

परवापासून विहिरीत माणसं उतरली आहेत. मजुरांचा रोज पोट्टीनंच ठरवला, भाऊजींना विचारलं नाही. पहिल्या दिवशी निघाले दोन बादल्या, एक चप्पल आणि माझ्या लग्नातली कळशी. आई ती घासून घेऊन बसली आहे.

आणखी एक. तुझ्याकडं ते या लढायांचा इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसचं जाड पुस्तक आहे ना, ज्याच्यावरून आपलं भांडण सुरू झालं? पोट्टीला पाहिजे. इंग्रजी जमेल तिला, माझ्यापेक्षा बरं आहे. पहिल्या पानावरचा चहाचा डाग माझाच आहे. इतकी वर्षं दिन्यावर ढकलला. एसटी पार्सलनं पाठव, वरुड स्टँडवर मी घेतो.

तुझा,
बंडू