काकूंच्या पिठाळ हातात तुझं अॅप

कोपरखैरणे,
रविवार दुपार

प्रिय रेवा,

काल तुझं डब्यांच्या हिशेबाचं अॅप घेऊन ठाण्याला नौपाड्यात गेले होते. आईच्या ओळखीच्या एक काकू तिथे पोळी-भाजी केंद्र चालवतात, रोजचे चाळीसेक डबे जातात. फोन त्यांच्या हातात दिला आणि तासभर काही न सांगता शेजारी बसून राहिले. जे दिसलं ते तुला सावकाश वाचता यावं म्हणून लिहिते आहे.

एका गिऱ्हाइकाचा दुपारचा डबा बंद होता. ते कुठे मांडायचं, हे काकूंना सापडेचना. तू बटणावर 'अनुपस्थिती नोंदवा' लिहिलं आहेस. अगं, त्यांच्या वहीत तो 'खाडा' आहे! वीस वर्षं खाडाच आहे. तेवढंच लिही. आणि त्यांची ती वही एकदा मागून बघ. सगळा हिशेब कसा मांडायचा ते तिच्यात आहे. फिग्मात अॅपचे पडदे आखण्यात आपण दोघींनी इतक्या रात्री घालवल्या, पण वही बघायचं सुचलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

मग बोटांचं. कणकेचे हात, त्यामुळे त्या करंगळीने दाबत होत्या. 'काढून टाका' अगदी खेटून आहे, तेच दाबलं गेलं आणि गिऱ्हाईक महिन्याच्या हिशेबासकट गायब. त्यांचा चेहरा एवढासा झाला. बटणाला निदान ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक) जागा हवी, असं अँड्रॉइडच्या डिझाइनचे नियमच सांगतात. इथे त्याहून मोठी दे. 'खात्री आहे का?' विचारून उपयोग नाही, घाईत माणूस 'हो' दाबतोच. त्याऐवजी काढलेलं नाव परत आणायची सोय कर.

काकूंच्या फोनमध्ये अक्षर सगळ्यात मोठं केलेलं आहे. तू अॅप ज्यात बांधलंस ते फ्लटर ते अक्षर आपोआप मोठं करतं, पण तू चौकटींची उंची बांधून टाकली आहेस. त्यामुळे रफार वरून कापला जातो, उकार खालून. उंची मोकळी सोड, ओळींत जास्त अंतर ठेव. 'मुक्ता' फाँट लावून बघ. तो मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेने केला आहे, गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

आता प्ले स्टोअर. तुझं खातं नवीन आणि वैयक्तिक, म्हणजे आधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. कॉलेजच्या ग्रुपवरचे बारा इंजिनिअर घेऊ नकोस, ते 'मस्त' म्हणून मोकळे होतील. काकूंच्या ओळखीने निदान सहा-सात डबेवाल्या बायका मिळतील. नाव ३० अक्षरांत बसवायचं आहे, तर इंग्रजी नाव सोड. 'डबा हिशेब' हे शब्द त्यात असू देत, लोक तेच शोधतील. खालच्या ८० अक्षरांच्या ओळीत खाडा आणि महिन्याचं बिल, एवढंच. रेटिंग पहिल्या दिवशी मागू नकोस, महिन्याचं बिल बिनचूक निघालं की माग.

एक माझ्या अनुभवाचं. क्लासच्या हजेरीचं अॅप केलं होतं ना, त्याचा अपडेट मी एका रात्री सगळ्यांना एकदम दिला. जुन्या फोनवर ते उघडेचना. सकाळी एक-एक ताऱ्यांची रांग लागली होती, आणि ते रेटिंग पुढे कधीच सावरलं नाही. तुझा पहिला अपडेट निघेल तेव्हा आधी दहा टक्क्यांनाच दे, अॅप कुठे बंद पडतंय ते क्रॅशलिटिक्समध्ये दोन दिवस बघ, मग वाढव.

जाहिरातीवर आत्ता रुपयाही घालू नकोस. काकू फॉइल आणि पॅकिंगचे डबे जांभळी नाक्यावरून आणतात, बाकीच्या केंद्रवाल्याही तिथेच जातात. त्या दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआरचा कागद लावू दिला, तर तुझं गिऱ्हाईक स्वतःच चालत येतं. हे काकूंनीच सुचवलं. दुकानदाराशी त्या बोलणार आहेत.

शनिवारी त्यांनी तुला बोलावलंय, साडेबारानंतर, डबे गेले की. बाराला ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर भेट. तुझ्या आईचा जुना फोन घेऊन ये, आणि तोवर तो 'काढून टाका' तेवढा तिथून हलव.

तुझी,
नीलू