ऑर्डरचे पैसे खासगी क्यूआर कोडवर मागितल्याबद्दल तक्रार

दिनांक : १० नोव्हेंबर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भांड्यांचे ऑनलाइन दुकान

महोदय,

३ नोव्हेंबरला रात्री तुमच्या संकेतस्थळावर मी बिडाचा तवा आणि बारा आप्प्यांचं आप्पेपात्र मागवलं. दोन्ही मिळून २,३४० रुपये. यूपीआयचा पिन टाकला, खात्यातून रक्कम गेली, पण तुमच्या पानावर ते चक्र आपलं फिरतच राहिलं आणि शेवटी ‘पेमेंट अयशस्वी’ असं आलं. होतं असं कधीकधी. रक्कम चौथ्या दिवशी आपोआप परतही जमा झाली, त्यामुळे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं त्याबद्दल. मदत क्रमांकावर फोन केला, तर तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, वेबसाइटचं सोडा. व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवतो, त्यावर टाका, लगेच ऑर्डर लावतो.” क्यूआर आला. स्कॅन केला तर दुकानाचं नाव कुठेच नाही, एका गृहस्थांचं नाव-आडनाव. विचारलं तर म्हणे, “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, सगळे त्यावरच टाकतात.” मी नको म्हटल्यावर त्याच्याकडे दुसरा तोडगा तयार होता : कार्डाचे पुढून-मागून फोटो पाठवा, आम्ही इथून भरून घेतो!

मी पतसंस्थेत २६ वर्षं कॅशियर होते. पावती फाडल्याशिवाय कुणाची दहाची नोटसुद्धा गल्ल्यात टाकली नाही, तेव्हा हे ऐकून मी फोनच ठेवला. तासाभरात मेसेज : ‘ग्राहकाच्या विनंतीवरून ऑर्डर रद्द.’ अशी विनंती मी केलेली नव्हती.

तुमच्या संकेतस्थळावरचा व्यवहार मध्येच अडकला तर पैसे पाच दिवसांत परत यावे लागतात, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९ पासून आहे. अकाउंटंटच्या खात्यावर टाकलेले पैसे मात्र बँकेच्या लेखी नीट पोचलेले असतात. उद्या माल आलाच नाही, तर मी कुठल्या ऑर्डरचे म्हणून ते मागायचे? कार्डाच्या फोटोचं तर विचारूच नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून कुठल्याही दुकानाला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी दिलेला बदली क्रमांक, वापरावं लागतं. तुमच्याकडे मात्र नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे असं सगळं एका पोराच्या मोबाइलच्या गॅलरीत पडून राहणार. कार्डावर परदेशी व्यवहार चालू असतील, तर बाहेरच्या कित्येक साइटवर ओटीपीसुद्धा लागत नाही.

आणि तुमच्याच फायद्याची गोष्ट सांगते. उद्या एखादा भामटा तुमच्या नावाने असाच क्यूआर पाठवील. गिऱ्हाइकाने तो खोटा म्हणून ओळखायचा कसा? खराही तसाच दिसतो!

व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवणं आणि कार्डाचे फोटो मागणं आजपासून बंद करा, आणि आधी घेतलेले फोटो पुसून टाका. पेमेंट फसलं तर त्याच ऑर्डरच्या पानावर पुन्हा भरण्याची सोय द्या. तेवढं जमत नसेल, तर माल दारात आल्यावर पैसे घ्या. तो पर्याय तुम्ही का काढून टाकलात, कोण जाणे. पेमेंटची व्यवस्था कोणती कंपनी पाहते आणि तिच्याशी संपर्क कुठे साधायचा, हे संकेतस्थळावर देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. मी तळापर्यंत शोधलं, मिळालं नाही.

त्याच नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात मिळायला हवा. नाही मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करीन. क्यूआरचा आणि रद्द केल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

तवा मला अजूनही हवा आहे. ३ तारखेच्या दराने ऑर्डर पुन्हा चालू करा, पैसे संकेतस्थळावरूनच भरीन.

आपली,
एक ग्राहक
(नाव व पत्ता ऑर्डरमध्ये नोंदवलेला आहे)